चिकांतील प्रथिनांचें जतन : यंत्र आधीं कीं गोठा आधीं ?

गाय किंवा म्हैस व्याली म्हणजे पहिल्या दोन-तीन दिवसांत जें घट्ट, पिवळसर दूध येतें त्यास आपण चीक म्हणतों. त्याचा खरवस करावयाचा, शेजारीपाजारी वाटावयाचा व उरेल तो वासरास पाजावयाचा, ही आपल्याकडील जुनी वहिवाट आहे. अलीकडे मात्र या चिकास बाजारांत निराळेंच मोल आलें आहे. चिकाची भुकटी औषधांच्या दुकानांतून डब्यांत व कॅप्सुलांत भरून विकली जाते, व तिच्यांतील रोगप्रतिकारक प्रथिनांचे गोडवे गाइले जातात. हीं प्रथिनें शाबूत राखून चरबी तेवढी काढून घेण्याच्या एका नव्या रीतीचें, म्हणजे अतिक्रांतिक कर्बवायूनें अर्क काढण्याच्या रीतीचें, नांवही सुशिक्षित तरुण शेतकऱ्यांच्या तोंडीं येऊं लागलें आहे. परभणीस असा एखादा कारखाना निघाल्यास जोडधंद्याची मोठी सोय होईल, असें त्यांस वाटतें. या विचारांत तथ्य आहे. परंतु त्यांतील एक पायरी गाळली जात आहे, आणि ती गाळल्यास कारखान्याचें भांडवल व गोठ्यांतील वासरूं हीं दोन्ही हातचीं जातील, अशी आम्हांस भीति वाटते. ती पायरी कोणती, हें सांगण्यासाठीं हा लेख लिहिला आहे.

प्रथम प्रथिन म्हणजे काय, व तें मरतें म्हणजे काय होतें, हें ध्यानांत घेतलें पाहिजे. प्रथिन ही एक लांब साखळी असून ती ठराविक रीतीनें घडी घालून बसलेली असते. पागोट्याचें उदाहरण घेतां येईल. बांधलेलें पागोटें सोडलें तर कापड तेंच राहतें, हात तितकेच भरतात, वजनांत गुंजेचाही फरक पडत नाहीं. परंतु तें पागोटें राहत नाहीं. प्रथिनाची घडी उलगडली म्हणजे त्याचेंही असेंच होतें. खाद्य म्हणून तें पोटांत पचतें व रक्तमांसाच्या कामीं येतें. परंतु रोगजंतूस अडवून धरण्याचें किंवा लोह बांधून ठेवण्याचें जें विशिष्ट काम त्याच्या घडीवर अवलंबून होतें, तें काम संपतें. असें काम करणाऱ्या प्रथिनांस शास्त्रज्ञ जैवक्रियाशील प्रथिनें म्हणतात. आपण त्यांस जिवंत प्रथिनें म्हणूं. अंड्याचा बलक सोडून उरलेला पातळ भाग साठ-पासष्ट अंश उष्णतेच्या सुमारास पांढरा पडून घट्ट होऊं लागतो, व मग कितीही थंड केला तरी पुन्हां पातळ होत नाहीं. चिकाचा खरवस होतो तोही याच न्यायानें. सुरीनें वड्या पडाव्या इतका तो घट्ट बसतो, याचें कारण त्यांतील प्रथिनांच्या घड्या मोडून तीं एकमेकांत गुंतून जातात. खरवस हें उत्तम खाद्य आहे व तो खाऊंच नये असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु कच्च्या चिकांत रोगाशीं झुंजण्याचें जें सामर्थ्य होतें, तें खरवसांत शोधूं नये.

जिवंत प्रथिन जपणें ही केवळ पुस्तकी गोष्ट नव्हे. पेरणीच्या व काढणीच्या दिवसांत आपल्याकडे सर्पदंश होतात. त्यांवर टोंचण्यांत येणारें औषध म्हणजे घोड्याच्या रक्तांतून काढलेलीं प्रतिपिंडें, अर्थात् प्राण्यापासून मिळविलेलीं जिवंत प्रथिनेंच होत. मुंबईस सन १८९९ मध्यें सुरू झालेल्या व पुढें हाफकिन यांच्या नांवानें ओळखल्या गेलेल्या संस्थेची परंपरा, आणि तिच्यापासून सन १९७५ मध्यें निराळें झालेलें हाफकिन जीव-औषध महामंडळ, यांचें नांव या औषधाशीं जोडलेलें आहे. नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चारही सापांच्या विषावर चालणारें हें औषध गोठवून, निर्वात जागीं वाळवून, कोरड्या भुकटीच्या रूपांत बाटलींत भरतात. कारण पातळ औषध दोन ते आठ अंशांच्या शीतपेटींत अखंड ठेवावें लागतें. कोरडी भुकटी मात्र थंड व अंधाऱ्या जागीं शीतपेटीवांचूनही तग धरते. यावरून एक धडा मिळतो. ओलें प्रथिन नाजूक असतें, कोरडें प्रथिन कणखर असतें. हा धडा पुढें आपल्या उपयोगीं पडणार आहे.

चिकाची भुकटी करावयाची तर नुसतें वाळवून भागत नाहीं. गाईच्या पहिल्या धारेच्या चिकांत सुमारें चौथा हिस्सा घन पदार्थ असतो. शंभर किलो चिकांत साधारण चौदा-पंधरा किलो प्रथिनें व सहा-सात किलो चरबी असते, असें स्थूल मानानें धरावयास हरकत नाहीं. साध्या दुधांत प्रथिनांचें हेंच प्रमाण शेंकडा तीन-साडेतीन असतें. ही चरबी भुकटींत तशीच राहिली तर आपल्याकडील उन्हाळ्यांत ती लवकर खवट होते, आणि खवट झालेली चरबी शेजारच्या प्रथिनांसही बिघडविते. पातळ चिकावरची साय यंत्रानें काढतां येते. तथापि सर्व चरबी तेवढ्यानें निघत नाहीं. अंड्याचा बलक, हाडें, मासळी इत्यादि प्राणिज मालाचीही हीच अडचण आहे. म्हणून प्रश्न असा उरतो कीं, प्रथिनाच्या घडीस धक्का न लावतां चरबी तेवढी धुऊन कशी काढावी ?

तेल धुऊन काढण्याची एक रीत आपल्या परिचयाची आहे. मराठवाड्यांतील सोयाबीन ज्या सॉल्व्हंट कारखान्यांत जातें, तेथें हेक्झेन नांवाच्या, पेट्रोलच्या जातीच्या द्रवानें तेल काढून घेतात, व मागें राहिलेल्या पेंडीस वाफ देऊन, शंभर अंशांच्या वर भाजून, तींतील हेक्झेन उडवून लावतात. सोयाबीनच्या पेंडीस ही उष्णता हितकारकच असते. कारण कच्च्या सोयाबीनमध्यें पचनास विरोध करणारीं कांहीं प्रथिनें असतात व तीं भाजल्यानें मरतात. म्हणजे तेथें प्रथिन मारणें हाच कार्यभाग आहे. चिकाच्या बाबतींत मात्र नेमकें उलट आहे. जें मारावयाचें नाहीं तेंच या रीतीनें आधीं मरेल. शिवाय हेक्झेनचा अंश मागें राहण्याची धास्ती निराळीच.

येथें कर्बवायूची, म्हणजेच कार्बन डायऑक्साइडची, रीत पुढें येते. हा वायु थंड असतां दाबला म्हणजे त्याचा द्रव होतो, हें सर्वश्रुत आहे. परंतु बेलफास्ट येथील थॉमस अँड्र्यूज यांनीं सन १८६९ मध्यें असें दाखवून दिलें कीं, सुमारें एकतीस अंश उष्णतेच्या वर या वायूस कितीही दाबलें तरी त्याचा द्रव होत नाहीं. या मर्यादेस क्रांतिक तापमान म्हणतात. त्या तापमानाच्या वर, व हवेच्या दाबाच्या सुमारें त्र्याहत्तर पट दाबाच्या वर, तो पदार्थ धड वायु नाहीं व धड द्रवही नाहीं, अशा अवस्थेंत असतो. वायूप्रमाणें तो बारीकसारीक छिद्रांत शिरतो व द्रवाप्रमाणें चरबीस विरघळवितो. यासच अतिक्रांतिक अवस्था असें नांव आहे. हें कांहीं परदेशींच्या प्रयोगशाळेंतील नवल आहे असें मानण्याचें कारण नाहीं. मे महिन्यांत परभणीस पारा बेचाळीस अंशांपलीकडे जातो. त्या दिवसांत एखाद्या कचेरीच्या भिंतीवर टांगलेल्या कर्बवायूच्या भरलेल्या अग्निशामक नळकांड्यांत द्रव व वायु हा भेदच उरलेला नसतो. आंतील सर्व माल अतिक्रांतिक अवस्थेंत असतो.

अशा अवस्थेंतील पदार्थ घन वस्तूंसही विरघळवितात, हें हॅने व होगार्थ या दोघांनीं सन १८७९ मध्यें प्रसिद्ध केलें. तरी व्यवहारांत त्याचा उपयोग व्हावयास पाऊणशें वर्षांहून अधिक काळ गेला. जर्मनींत कुर्ट झोसेल यांनीं विसाव्या शतकाच्या सातव्या दशकांत कॉफीच्या दाण्यांतील कॅफीन या रीतीनें काढून दाखविलें, व तेथून या विद्येचा कारखानदारींत प्रवेश झाला. पुढें मसाल्यांचे अर्क, सुगंधी द्रव्यें, औषधी वनस्पति यांस ती लागू झाली. आपल्या राज्यांतही ही विद्या अपरिचित नाहीं. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेंतील प्राध्यापिका ममता मुखोपाध्याय यांचा अतिक्रांतिक कर्बवायूनें काढावयाच्या नैसर्गिक अर्कांवरील इंग्रजी ग्रंथ सन २००० मध्यें प्रसिद्ध झाला आहे. प्राणिज मालांत अंड्याच्या बलकांतील चरबी व कोलेस्टेरॉल काढणें, आणि मनुष्याच्या मोडलेल्या हाडांच्या जागीं भरावयाच्या हाडांतील चरबी स्वच्छ करणें, अशा कामीं तिचा उपयोग झालेला आहे.

या रीतीचा मोठा गुण असा कीं, कर्बवायु चरबीस विरघळवितो, परंतु प्रथिनें, साखर व क्षार यांस तो हात लावीत नाहीं. भांड्यांत कोरडी भुकटी भरावयाची, तीमधून चाळीस ते साठ अंश उष्णतेचा व हवेच्या दाबाच्या दोनशें ते चारशें पट दाबाचा कर्बवायु वाहूं द्यावयाचा, व पुढील भांड्यांत दाब उतरविला म्हणजे विरघळलेली चरबी खालीं बसते, वायु मोकळा होतो व पुन्हां वापरतां येतो. वनस्पतींच्या अर्कांत जें वायूबरोबर बाहेर येतें तो माल व जें मागें राहतें तो चोथा असतो. चिकाच्या बाबतींत याच्या उलट, जें भांड्यांत मागें राहतें तोच खरा माल. म्हणून मागें राहिलेल्याचें जतन हाच येथें सर्व कारागिरीचा गाभा आहे. आणि हें जतन आपोआप होतें, अशी जी समजूत पसरली आहे, ती बरोबर नाहीं. त्यांतील धोके चार आहेत.

पहिला धोका ओलाव्याचा. कर्बवायु पाण्यांत मिसळला म्हणजे आम्ल तयार होतें. सोडा-वॉटरची चव सर्वांस ठाऊक आहे. शेंकडों पट दाबाखालीं हें आम्ल चांगलेंच तीव्र होतें, व लिंबू पिळल्यानें दूध जसें फाटतें तशी ओल्या मालांतील कांहीं प्रथिनें फाटून बसतात. दाबलेल्या कर्बवायूनें दुधांतील केसीन मुद्दाम वेगळें काढण्याचे प्रयोग झालेले आहेत, यावरून त्याचा प्रभाव ध्यानांत येईल. म्हणून माल आधीं नीट वाळला पाहिजे. सर्पदंशाच्या औषधावरून घेतलेला धडा येथें उपयोगीं पडतो. परंतु वाळविणेंही तितकेंच जपून झालें पाहिजे. तापलेल्या हवेंत निष्काळजीपणें वाळविलें तर वायूच्या भांड्यांत जाण्यापूर्वींच माल मेलेला असतो.

दुसरा धोका उष्णतेचा. चाळीस अंशांवर काम सावकाश होतें, म्हणून घाईनें उष्णता वाढविण्याचा मोह होतो. चिकाच्या बाबतींत अनुभव असा आहे कीं, साठ अंशांवर एक तासपर्यंत ठेवल्यास त्यांतील प्रतिपिंडें बहुतांशीं टिकतात. त्रेसष्ट अंशांवर अर्धा तास ठेवल्यास तीं लक्षांत येण्याइतकीं घटतात व चीकही दाट होऊं लागतो. तीन अंशांचें हें अंतर मुठींत मावण्याजोगें आहे, पण मालाचें मोल त्यांतच आहे. कोरडी भुकटी याहून थोडी अधिक सोशीक असते; तथापि तिच्यावर विसंबून राहूं नये.

तिसरा धोका दाब उतरविण्याचा. ट्रॅक्टरच्या मागील टायरांत जेवढा दाब असतो त्याच्या दोनशें पट दाब एकदम सोडला तर वायु अतिशय थंड होतो, त्याचें बर्फ बनून नळ्या तुंबतात, आणि मालाचे कण आंतून फुटतात. वारंवार दाब चढविणें व उतरविणें हेंही प्रथिनाच्या घडीस मानवत नाहीं. चौथा धोका मद्यार्काचा. कांहीं जातींची चरबी, विशेषतः लेसिथिन, नुसत्या कर्बवायूनें निघत नाहीं. तेव्हां त्यांत थोडा मद्यार्क मिसळतात. उष्णतेबरोबर मद्यार्क प्रथिनांचा वैरी आहे. म्हणून जेथें जिवंत प्रथिन हवें तेथें थोडें लेसिथिन मागें राहिलें तरी चालेल, पण मद्यार्काचा हात आंखडता ठेवावा.

आतां आमचा मुख्य मुद्दा. हे चारही धोके टाळले, उत्तम यंत्र आणलें, कसलेला तंत्रज्ञ नेमला, तरी एक गोष्ट उरतेच. यंत्रांत घातलें त्याहून अधिक जिवंत त्यांतून बाहेर येत नाहीं. कर्बवायु प्रथिन राखतो. मेलेलें प्रथिन तो उठवीत नाहीं. आणि आपल्याकडे चीक मरतो तो यंत्रांत नव्हे, गोठ्यांत. पहिली धार काढण्यास जितका उशीर, तितकीं प्रतिपिंडें विरळ होतात. दुसऱ्या व तिसऱ्या धारेस तर तीं झपाट्यानें उतरतात. कास न धुतां, शेणाच्या हातानें, उघड्या बादलींत काढलेला चीक उन्हांत राहिला तर त्यांत जंतु तासातासास कैक पटींनीं वाढतात व प्रथिनें खाऊन टाकतात. कासेस सूज असलेल्या जनावराचा चीक तर घेऊंच नये. वीज गेली म्हणून गोठवलेला चीक वितळला व पुन्हां गोठला, तरी तो बिघडतो. अशा मालावर लाखों रुपयांचें यंत्र चालविणें म्हणजे किडक्या बियाण्यास उत्तम पाभर जोडण्यासारखें आहे.

आणि हें कोणासही दिसून येत नाहीं, हीच मोठी मेख आहे. प्रथिनें मोजण्याची जी चालू रीत आहे, ती सन १८८३ मध्यें केल्डाल यांनीं घालून दिली. तींत पदार्थांतील नत्र मोजून त्यावरून प्रथिनांचा आंकडा काढतात. ही रीत चारा, धान्य, पेंड यांस उत्तम आहे. परंतु कच्चा चीक व त्याचाच खरवस हीं दोन्ही वाळवून या परीक्षेस बसविलीं तर दोहोंचा आंकडा एकच येईल. पिकाची आणेवारी कागदावर चांगली दिसावी व शेतांत मात्र कणसें पोंचट निघावींत, तशांतला हा प्रकार आहे. डब्यावर प्रथिनें शेंकडा साठ असें छापलें असतां तें खोटें नसतें. परंतु त्यांतील जिवंत किती व मेलेलीं किती, हें त्यावरून कळत नाहीं. घेणारा मात्र जिवंत प्रथिनाचे पैसे मोजीत असतो.

याहूनही मोठा प्रश्न वासराचा आहे. मनुष्याच्या लेंकरास आईच्या पोटांत असतांनाच तिच्या रक्तांतून प्रतिपिंडें मिळतात. गाईम्हशींच्या गर्भावरील आवरणांची रचना निराळी असल्यामुळें वासरास तीं पोटांत मिळत नाहींत. तें रिकाम्या हातानें जन्मास येतें. त्यास तीं मिळतात तीं केवळ चिकांतून. शिवाय आंतड्यांतून प्रतिपिंडें अखंड रक्तांत शिरण्याचा दरवाजा जन्मापासून तासातासास मिटत जातो व सुमारें चोवीस तासांत बंद होतो. म्हणून वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चीक त्याच्या पोटांत जन्मानंतरच्या पहिल्या कांहीं तासांतच गेला पाहिजे. दुसऱ्या दिवशीं घागरभर पाजला तरी हें काम होत नाहीं. आपल्याकडे अद्यापि कित्येक घरीं, जार पडल्याशिवाय वासरास सडाला लावूं नये, चिकानें वासरास हगवण लागते, अशा समजुती आहेत. वस्तुस्थिति उलट आहे. वासरूं सडाला लागल्यानें जार पडण्यास मदतच होते, आणि चीक न मिळाल्यानेंच पुढें हगवण व फुप्फुसाचा दाह होऊन वासरें दगावतात. टोणग्याच्या वांट्यास तर बहुधा कांहींच येत नाहीं.

आतां हिशेब करूं. आपल्या लाल कंधारी गाईचें वासरूं साधारण वीस किलोंचें धरलें तर त्यास पहिल्या तासांतच दोन लिटर चीक लागतो, व पहिल्या दिवसांत पुन्हां थोडाफार. अशा गाईच्या पहिल्या धारेस याहून फारसा चीक निघत नाहीं. मराठवाडी म्हशीचीही स्थिति याहून फार निराळी नाहीं. म्हणजे देशी जनावराच्या चिकांत विकण्याजोगें शिल्लक असें कांहीं उरतच नाहीं. संकरित गाईची गोष्ट वेगळी. तिचें वासरूं पस्तीस किलोंचें असलें तरी त्याचा वांटा देऊन पहिल्या दिवशीं दोन-चार लिटर चीक मागें राहतो. दूध हें चीकविरहित असावें, असें अन्नविषयक कायद्याच्या व्याख्येंतच असल्यामुळें संकलन केंद्रावर तो घेत नाहींत. म्हणून त्यास बाहेर गिऱ्हाईक मिळालें तर शेतकऱ्याचा फायदाच आहे. एक किलो कोरडा पदार्थ मिळविण्यास सुमारें चार लिटर चीक लागतो, हें ध्यानांत ठेवलें म्हणजे कारखाना चालविण्यास किती गोठे लागतील याचाही अंदाज येतो.

यावर कोणी असें म्हणतील कीं, गरीब शेतकऱ्यास आज रोख चार पैसे मिळत असतां वासराचा हिशेब कोण करतो ? शिवाय बैलांचें काम ट्रॅक्टरनें घेतल्यापासून गोऱ्ह्यास किंमत राहिली नाहीं. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाहीं. घरांतील निकड ज्याची त्यासच ठाऊक. परंतु कालवड किंवा वगार मेली म्हणजे तीन-चार वर्षांनंतरचें दुभतें मेलें. तें विकत घ्यावयास पुढें जे पैसे लागतात, त्यांच्यापुढें चार लिटर चिकाची किंमत ती काय ? आणि नर वासरूं झालें तरी तें दावणीस हगवणीनें मरूं द्यावें, हें कोणत्याही कुणब्याच्या घरास शोभणारें नाहीं. गोठ्यांत एक वासरूं आजारी पडलें कीं तो रोग शेजारच्या वासरांसही जातो, हाही व्यवहारच आहे.

म्हणून आमच्या सूचना पुढीलप्रमाणें आहेत. त्यांत भांडवल थोडें व शिस्त अधिक लागते.

(१) चिकावर पहिला हक्क वासराचा, असा नियम सोसायटीनें करावा. जमिनीवर बोजा असला म्हणजे तो फेडल्यावांचून ती मोकळी समजत नाहींत. त्याचप्रमाणें वासराचा वांटा दिल्यावांचून चीक मोकळा समजूं नये. देशी गाईचा चीक विकत घेऊंच नये.

(२) प्रत्येक मोठ्या गांवच्या दूध केंद्रावर चिकाची पेढी असावी. शिल्लक चीक स्वच्छ बाटल्यांत भरून उणे अठरा ते वीस अंशांवर गोठवून ठेवल्यास तो वर्षभर टिकतो. ज्या वासराची आई मेली किंवा आटली, त्यास तेथून द्यावा. वितळवितांना बाटली कोंबट पाण्यांत ठेवावी. तें पाणी पन्नास अंशांहून अधिक तापलेलें नसावें व चीक चुलीवर तर कधींच ठेवूं नये. भारनियमनाच्या दिवसांत शीतपेटीस बॅटरीची किंवा सौरशक्तीची जोड असावी.

(३) चिकाचा भाव लिटरवर न ठरवितां गुणावर ठरवावा. ऊस व द्राक्षें करणाऱ्यांस हातांत धरावयाचा ब्रिक्स-मापक ठाऊक आहे. गाईच्या चिकाचा थेंब त्यावर ठेवून आंकडा बावीस किंवा अधिक आला तर त्यांत प्रतिपिंडें पुरेशीं आहेत, असें समजण्यास हरकत नाहीं. हें साधन स्वस्त आहे, व तें ज्याच्या त्याच्या डोळ्यांदेखत वापरतां येतें. पहिली धार लवकर काढणाऱ्यास चार पैसे अधिक मिळूं लागले म्हणजे उपदेश करण्याची गरज पडणार नाहीं.

(४) अतिक्रांतिक कर्बवायूचें यंत्र सोसायटीनें किंवा खाजगी मंडळींनीं कर्ज काढून आतांच आणूं नये. परभणीस सन १९७२ मध्यें स्थापन झालेलें, व सन २०१३ पासून वसंतराव नाईक यांच्या नांवाचें, कृषि विद्यापीठ आहे. त्याचें अन्नतंत्र महाविद्यालय आहे. आणि सन २००० मध्यें स्थापन झालेल्या नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचें पशुवैद्यकीय महाविद्यालयही येथेंच आहे. दूध, यंत्र व वासरूं या तिन्ही गोष्टी जाणणारी मंडळी एकाच गांवीं असणें ही आपली मोठी सोय आहे. या दोन संस्थांनीं मिळून लहान प्रमाणावर प्रयोग करावा. वाळविण्यापूर्वीं, वाळविल्यावर व चरबी काढल्यावर अशीं तीन वेळां जिवंत प्रतिपिंडें मोजावींत, आणि तो आंकडा आपल्या भाषेंत प्रसिद्ध करावा. प्रयोगास लागणारा कर्बवायु दूर शोधावयास नको. मद्यार्काच्या कारखान्यांत मळी आंबतांना जेवढा मद्यार्क होतो, जवळजवळ तेवढ्याच वजनाचा कर्बवायुही निघतो.

(५) जो माल बाजारांत जाईल, त्याच्या डब्यावर नुसता प्रथिनांचा नव्हे, जिवंत प्रतिपिंडांचा आंकडा व तो मोजल्याचा दिनांक असावा. आज असा आंकडा आपण स्वतः होऊन छापूं लागलों, तर उद्यां परभणीचा माल म्हणून त्याची पत राहील.

नव्या विद्येस विरोध करावा असा या लेखाचा हेतु नाहीं. उलट, जिवंत वस्तूस उष्णतेवांचून स्वच्छ करणारी ही विद्या आपल्या उष्ण मुलखास विशेष उपयोगी आहे, असेंच आमचें मत आहे. परंतु ती शेवटची पायरी आहे. तिच्या आधीं वाळविणें आहे, त्याच्या आधीं थंड करणें आहे, त्याच्या आधीं धुतलेली कास व झांकलेलें भांडें आहे, आणि सर्वांच्या आधीं पोटभर प्यालेलें वासरूं आहे. येत्या हंगामांत ज्यांच्या घरीं गाईम्हशी विणार आहेत, त्यांनीं निदान ही पहिली पायरी चुकवूं नये. तीस कोणतेंही यंत्र लागत नाहीं.